मीनूच्या पोटातले जंत

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण सांगायला लागलो की माझी मान काही वर होत नाही. माझ्या एका फोनापायी पुतणीचं ठरत आलेलं लग्न मोडायला आलं होतं हो!

आम्ही म्हैसूरचे जुने मराठी. पणजोबा राजांच्या फौजेत होते. घोडा गेला, तलवार गेली, आवाज तेवढा माझ्या वाट्याला आला. आणि भाषा? अर्धी मराठी, अर्धी कन्नड. माशाला आमच्या घरात कुणी मासा म्हणतच नाही, कन्नडातलं 'मीनू' म्हणतो. आता दादाची मुलगी मीनाक्षी, तीही घरात मीनूच. पण गोंधळ कधी झाला नाही! एक डोसा खाते, दुसरी काचेच्या टाकीत अळ्या खाते. त्यात गोंधळ कसला?

तर ही टाकीतली मीनू आजारी पडली. पोट खपाटीला गेलं. जयलक्ष्मीपुरमला माझा मित्र शंकर आहे, माशांच्या नादानं सगळं घर ओलं करून ठेवलेला. तो म्हणाला, "पोटात जंत असणार. औषधाचं विचारून फोन करतो."

आणि मेल्यानं फोन केला कधी? मीनूला बघायला नाशिकची मंडळी आली, नेमका तेव्हा! दुसरी मीनू. डोसा खाणारी.

मुलगा सुहास, नुकताच म्हैसुरात नोकरीला आलेला. स्थळ सांगून आलं तेव्हापासून दोघं फोनवर बोलत होती, आणि आमच्या पोरीला तो मनापासून आवडला होता. त्याच्या आईवडिलांनी हो म्हणायचं तेवढं बाकी. वहिनीनं मला सकाळीच बजावलं होतं, "भावजी, आज स्वल्प कम्मी बोला."

कमीच बोललो की! फोन वाजल्यावर शहाण्यासारखा उठून आतल्या खोलीत गेलो. दार ओढायचं मात्र राहिलं.

"हां शंकर! मीनूचं? अरे जंतच ते!"

बाहेर कपबशा वाजायच्या थांबल्या. मला वाटलं, चहा संपला.

"खाते कुठं? तोंडात घेते नि थुंकून टाकते! शी? अय्यो, पांढरी फेक, दोऱ्यासारखी! मागं लोंबत असते, तशीच फिरते सगळीकडे. लाज ना लज्जा!"

आमच्या माणसांना यात वावगं काय वाटणार? रोजचंच बोलणं. उलट वहिनी पाहुण्यांना कौतुकानं म्हणाली, "फार जीव आहे हो त्यांचा मीनूवर."

"पाण्यात टाकून पोटात जात नाही? बरं, खाण्यात कालवतो. लसूण लावू? वासानं खाईल म्हणतोस? मरायला नको रे, दुसरी आणली तरी हिची सर नाही यायची!"

मी हसतमुखानं बाहेर आलो. सुहासची आई खुर्चीच्या टोकावर आली होती.

"औषध... चालू आहे का?" तिनं हळूच विचारलं.

बाई किती चांगली, आमच्या माशाची चौकशी करते! मला भरूनच आलं.

"आजपासून करणार. वरून काही कळत नाही हो! दिसायला कशी चकचकीत, आणि आत हे असं."

"घरात आणखी कुणाला?" वडिलांनी विचारलं.

"अजून तरी नाही. पण सगळी एकाच पाण्यातली. लागायला वेळ काय?"

त्यांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"अहो, उप्पीट घ्या ना! मीनूनं स्वतःच्या हातानं केलंय!" मी आग्रह केला.

ताटल्या भरलेल्याच राहिल्या. 'कळवतो' म्हणून मंडळी उठली, आणि आम्ही मागं उप्पिटात मीठ जास्त झालं का यावर वाद घालत बसलो.

संध्याकाळी मीनू फोन हातात घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. डोळे पाण्यानं भरलेले. "काका, सुहास विचारतोय, मला जंत कधीपासून आहेत?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं बघा! पोरगी चार महिने आरशापुढं गुणगुणत होती, आणि मी तिची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडली. तिच्याकडं बघायची हिंमत होईना. फोन हिसकावून घेतला आणि ओरडलो, "सुहासराव! मीनू म्हणजे मासा! आमची मीनू नव्हे, टाकीतली मीनू! कन्नडात मीनू म्हणजे मासा! चूक माझी आहे, पोरीला दोष देऊ नका!"

पलीकडून तो शांतपणे म्हणाला, "काका, मी घरी आधीच सांगितलं होतं, जंत असले तरी लग्न करीन तर हिच्याशीच. गोळी घेतली की जंत जातात."

मी फोनसकट हात जोडले. "देवमाणूस आहात हो! मग आईसाहेबांचं काय म्हणणं आहे?"

"तिचं एवढंच म्हणणं आहे, की जंतांवर औषध आहे. काकांवर काही आहे का?"