त्या दुपारी पाठवलेला अपडेट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. आज सांगणार आहे.

जालन्यात आम्ही जनावरांच्या डॉक्टरला बोलवायचं ॲप चालवतो. बटण दाबलं की जवळच्या डॉक्टरला निरोप जातो. वडीगोद्रीला माझ्या मावशीच्या घरी ते मीच बसवून दिलं होतं, तिच्या सुनेच्या, रेखावहिनीच्या फोनवर. वहिनी मग गावातल्या बायकांनाही शिकवायला लागली.

ॲपमधले बदल आम्ही इथूनच थेट सगळ्यांच्या फोनवर पाठवतो. लोकांना काही करावं लागत नाही, कळतही नाही. म्हणूनच आधी थोड्यांना पाठवायचं, जुन्या फोनवर तपासायचं – हा नियम माझाच. त्या दुपारी मला घाई होती... घाई कसली? कंटाळा होता. माझ्या नव्या फोनवर चाललं, आणि मी सगळ्यांना एकदम पाठवून दिलं.

जुन्या फोनवर ‘डॉक्टरांना कळवलं आहे’ असं दिसायचं, निरोप मात्र जातच नव्हता. दुसऱ्या दिवशी चूक लक्षात आली, तशी मी गुपचूप दुरुस्ती पाठवली. ती पोचताच फोनमध्ये अडकलेले निरोप माझ्या पडद्यावर येऊ लागले. त्यात रेखावहिनीचं नाव – परत, परत.

तेवढ्यात मावशीचा फोन आला. म्हैस अडली होती, रेडकू आडवं आलं होतं. डॉक्टर येतोय म्हणून सगळे वाट बघत थांबले. दोन्ही गेली.

“ही म्हणती, म्या बटण दाबलं. मंग डॉक्टर का न्हाई आला?”

वहिनीचं नाव माझ्या समोर होतं. आणि मी म्हणाले, “वहिनीकडून नीट दाबलं गेलं नसंल, मावशी.”

इतक्या सहज? हो, इतक्या सहज.

मावशीनं फोन तिच्याकडून काढून घेतला. बायका शिकायला यायच्या बंद झाल्या. पुढं एकदा वहिनी मलाच म्हणाली, “ताई, माझंच कायतरी चुकलं असंल.” मी – मी मान डोलावली.

ऑफिसात उद्या सांगीन. आज आधी वडीगोद्रीला निघाले आहे. घरातल्या सगळ्यांसमोर बोलायचं ठरवलंय : वहिनीनं निरोप पाठवला होता, तो माझ्यामुळं अडकला, आणि हे मला तेव्हाच माहीत होतं.

माफी मागणार नाही. मागितली तर वहिनी ती लगेच देईल, आणि मला हायसं वाटेल. ते नको.