बटाटो खवलेमांजर

खवलेकाकांच्या हातून नाव घ्यायचं तर आधी आपल्याच घराच्या मागल्या दारात उभं राहून केकाटावं लागायचं. ही त्यांची कसोटी, आणि तिच्यातून कुणाची सुटका नव्हती. "मागल्या दारात उभी ऱ्हव आणि मोठ्यान हाक मार," ते सांगायचे. "परसातल्या माणसान पयल्या हाकेक 'ओ' दिली तर तां नांव. नायतर ती जाहिरात." म्हापशाच्या एका मुलाने 'शॅडोफँग' असं नाव आणलं होतं. त्याला काकांनी ग्रूप कॉलवर, सगळ्यांच्या देखत, तीन हाका मारायला लावल्या. तिसऱ्या हाकेला त्याची आई धावत आली आणि कुणाला लागलंय काय म्हणून विचारू लागली. काका शांतपणे म्हणाले, "बघ. आवशीक कळना, तर दुसऱ्याक काय कळतलां?"

हे कसलं बारसं ते आधी सांगायला हवं. आम्ही फरी. माणसासारखी चालणारी-बोलणारी जनावरं ज्यांना मनापासून आवडतात आणि जे इंटरनेटवर स्वतःच एखादं जनावर होऊन वावरतात, अशा लोकांना जगभर हे नाव आहे. प्रत्येकाचं एक जनावर, त्याचं चित्र आणि त्याचं नाव. काही जण केसाळ पोशाखही शिवतात. आमच्यातल्या एकाने कोल्ह्याचा शिवला होता. मे महिन्यात घातला तेव्हा त्याला घामोळं आलं, पावसाळ्यात कपाटात ठेवला तेव्हा कोल्ह्याला बुरशी आली. तेव्हापासून आम्ही चित्रांवर भागवतो.

आमचा ग्रूप लहान. पेडणे आणि डिचोलीकडची, थोडी सिंधुदुर्गातली, अशी पंचवीस-तीस पोरं. दिवसा कुणी तुयेच्या कारखान्यांच्या इस्टेटीत, कुणी कॉलेजात, कुणी बापाच्या दुकानात. मी स्वतः इब्रामपूरची, तुयेला एका कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या तपासते. दिवसभर एकही पट्टी फुटकी जाऊ द्यायची नाही, आणि घरी येऊन हिमबिबट्या व्हायचं, असा माझा बेत होता. निळे डोळे, पांढरी शेपटी, सगळं काढून तयार होतं.

काकांनी चित्र पाहिलं. "इब्रामपुरात बर्फ खंय पडता गो? फ्रीजात?"

मी म्हटलं, फरीमध्ये कोणतंही जनावर चालतं, सगळीकडे चालतं.

"सगळीकडे चालांदी. हांगा बघिल्लां जनावर जाय. तुमच्या माळयार कोण ऱ्हवता?"

"कांडेचोर," मी खरं ते सांगून टाकलं. आमच्या माळ्यावर वर्षानुवर्षं कांडेचोराचं, म्हणजे उदमांजराचं, बिऱ्हाड आहे. पपया खातो, कौलं हलवतो आणि वर मुततो.

"मगे? तोच तू."

मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी त्यांनी मला 'आबोली' हे नाव दिलं. कांडेचोराचं नाव आबोली ठेवणाऱ्या माणसावर राग तरी किती दिवस धरायचा? मी मागल्या दारातून हाक मारली, तर शेजारची आबोली 'ओ' देऊन मोकळी झाली. नाव पास झालं.

बाकी काकांचा कारभार म्हणजे निव्वळ देवळाची कमिटी. ग्रूपच्या खोल्यांना त्यांनी घराची नावं दिली होती. नवा माणूस आधी बाल्कांवात, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर. तिथे त्याने आपण ते जनावर कुठे पाहिलं ते लिहायचं, आणि नाव पडेपर्यंत आत कोण कोण बसलंय हे त्याला दिसायचं नाही. मग वसरी, म्हणजे आतली ओसरी. नियम सतरा, ठराव, अनुमोदन, आणि दर महिन्याला सभेचा वृत्तान्त. विशी-बाविशीतली पोरं, कानात बाळ्या घालणारी, गंभीर चेहऱ्याने 'मुंगुसाचे अनुमोदन' असं लिहायची. काका पन्नाशी उलटलेले. पूर्वी खाणीवर मोजणीदार होते, खाण थांबली तशी मोजायला काही उरलं नाही. एकदा त्यांनीच मला सांगितलं, की गावच्या देवळाच्या कमिटीवर यायची त्यांची फार इच्छा होती, पण दोनदा उभे राहूनही कुणी घेतलं नाही. "घरात बायल माझ्याकडे बघी नाय, चेडू तर मोबायलातसून मान वर करी नाय," ते म्हणाले. "हांगा माझ्या एका शब्दान लांडग्याचो कोल्हो जाता." हे ऐकून मी हसले होते. नंतर वाटलं, हसायला नको होतं. त्या माणसाचं वजन या एवढ्याशा ओट्यावरच होतं.

त्या वजनाचा ते वापरही करायचे. सगळ्यांत कडक नियम खऱ्या नावाचा. कुणाचं कागदावरचं नाव, गाव, बापाचं नाव विचारायचं नाही आणि कळलं तरी उच्चारायचं नाही. पोरं घरच्यांना चुकवून येतात, त्यांना लपायला जागा हवी, हे त्यामागचं कारण मला पटत होतं. पण आमच्या शेकरूने एकाला नोकरी लागल्याचं अभिनंदन करताना चुकून त्याचं खरं नाव लिहिलं, तर काकांनी त्याच संध्याकाळी शेकरूला कायमचं बाहेर काढलं. तो रडकुंडीला आला होता. मी मध्ये पडले. काका म्हणाले, "तोंडातसून सुटलां तां परत घालूक येता?" ते चुकलेच होते, आणि मी ते त्यांना तेव्हाच सांगितलं. त्यांनी ते वृत्तान्तात लिहून घेतलं आणि शेकरूला परत घेतलं नाही.

दुसरा नियम, एका रानात एकच. एक खवलेमांजर असताना दुसरं नाही. आणि तिसरा त्यांचा सर्वांत लाडका. आपलं नाव आपण ठेवायचं नाही, ते दुसऱ्याने द्यायचं. "आपणाक कोण काय म्हणतत तां आपल्या हातात नाय. म्हणूनच तां नांव," हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत, की पोरांनी त्याचं स्टिकर बनवलं होतं.

आणि या सगळ्या नियमांच्या धन्याचं स्वतःचं नाव काय, तर बटाटो. बटाटो खवलेमांजर. तोंडावर आम्ही खवलेकाका म्हणायचो, पण यादीत सर्वांत वर, सोनेरी अक्षरांत, 'बटाटो' असायचं. शॅडोफँगला घालवणारा माणूस स्वतः भाजी होऊन बसलेला. आम्ही पाठीमागे पोट धरून हसायचो. हे नाव तुम्हाला कुणी दिलं, असं मी खोदून खोदून विचारलं. "दिल्लां कोणेतरी," एवढंच उत्तर. पण एक गोष्ट खरी की हाक फार छान जायची. बाल्कांवात कुणी भांडू लागलं की मी कॉलवर "बटाटो" अशी हाक मारायचे आणि कुठूनही, भाजी चिरताना, न्हाणीतून, पहिल्याच हाकेला त्यांची "ओ" यायची. सहा वर्षांत एकदाही दुसरी हाक मारावी लागली नाही.

तोवर मी त्यांच्या हाताखालची नाव-कमिटी झाले होते आणि त्यांच्याहून कडक. दिवसभर फुटक्या गोळ्या शोधणाऱ्या बाईला अर्ज तपासायला दिले तर दुसरं काय होणार? तशात एके दिवशी बाल्कांवात एक मुलगी आली. चित्र इतकं सुरेख, की एकेक खवला बोटाने उचलावा. तिने लिहिलं होतं: 'मी लहान असताना आमोण्याला आमच्या पोफळीच्या बागेतल्या कोरड्या टाकीत सकाळी खवलेमांजर पडलेलं सापडलं. ते गोल झालं होतं. बाबांनी त्याला गोणपाटात घालून डोंगरावर सोडलं. मी त्याचं नाव बटाटो ठेवलं होतं. मला खवलेमांजर व्हायचं आहे आणि जमलं तर तेच नाव हवं आहे.'

मी पेटले. खवलेमांजर आणि वर बटाटो. शेकरूनेच सूड म्हणून कुणाला तरी पाठवलंय, काकांची थट्टा चालवली आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी सात ओळींचं खरमरीत उत्तर लिहिलं. आयुष्यात इतकं चांगलं मराठी मी पुन्हा लिहिलेलं नाही. 'दुसऱ्याचे नाव चोरणाऱ्यास येथे थारा नाही' असा त्याचा शेवट होता. पाठवण्याआधी रिवाजाप्रमाणे काकांना दाखवलं.

दोन दिवस त्यांचं उत्तर नाही. ज्या माणसाला दुसरी हाक लागत नव्हती, त्याला मी अकरा वेळा लिहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला.

"तां धाडू नाका," ते म्हणाले. "चोरी न्हय ती."

"काका, तिने तुमचं नाव उचललंय."

"मीच तिचां उचललां. ती चार वर्सांची होती. गोणपाटाचां तोंड तिनाच धरलां होतां. 'बाबा, बटाटो खंय गेलो', म्हणून आठ दिस माझ्या पाठीसून फिरली." आणि मग, "चेडू माझां."

 मी सात ओळी पुसल्या. मग म्हटलं, मग छानच की, सांगा लेकीला. किती खूश होईल.

"खूश?" ते हसले. "बापूस बसलेल्या बाल्कांवात कोणाचां चेडू तोंड उघडता? घरात मी आसांच. हांगा ती माका चुकवून आयल्या."

मी वाद घातला. दुसरं जनावर घ्या, दुसरं नाव मी देते, कोपऱ्यात बसा. ते म्हणाले, आवाज तर तोच राहील ना. मी म्हटलं, कॉलवर येऊ नका, नुसतं लिहा. ते म्हणाले, "चोरून ऐकूक आपल्या चेडवाचां? शेकरूक भायर काडलां तां मग कित्याक?"  नियमांनी डोकं उठवणाऱ्या त्या माणसाने त्या दिवशी नियम स्वतःला लावला. शेकरूच्या वेळी मला त्यांचा जितका राग आला होता, तितकीच त्या दिवशी माया आली. आणि वाईट वाटलं ते त्यांच्यासाठी वाटलं, कारण हा ओटा सुटल्यावर त्यांना बसायला दुसरा ओटा नव्हता, हे मला ठाऊक होतं.

सभेच्या वृत्तान्तात त्यांनी शेवटची ओळ लिहिली: 'खवलेमांजर, नाव बटाटो, आजपासून मोकळे.' खाली मुंगुसाचं अनुमोदन. पोरांना वाटलं, काका कंटाळले असतील. कुणी म्हटलं, आता सतरा नियम तरी सुटतील. त्यांचंही चूक नव्हतं.

"एक मागतां," त्यांनी मला सांगितलं. "नांव तू ठेव. मी आवाज बंद करून फक्त तेवढां ऐकतां. मागीर जातां."

आयतवारी संध्याकाळी कॉल लागला. ती मुलगी पहिल्यांदाच बोलत होती, घाबरून, भराभर. मी कसोटी समजावली. म्हटलं, तू घरातच बस, मागल्या दारात मी आहे असं समज. यादीत सर्वांत खाली एक बिननावाचा माणूस होता, त्याच्या माइकवर आडवी रेघ. पहिल्या हाकेला माझा आवाज चांगला लागला.

"बटाटो."

"ओ."

आवाज मुलीचा नव्हता. तिच्या माइकमधून, तिच्या पाठीमागून, घराच्या मागल्या बाजूने आला होता. जाड, खणखणीत, सहा वर्षांच्या सवयीचा.

 मग ती मुलगी ओशाळून म्हणाली, "सॉरी हां, आबोलीताय. आमचे बाबा ते. परसात बसून कोणाक तरी ओ देतत. त्यांका हंयचां कायएक कळना. परत मार हाक."

यादीतला खालचा माणूस तोवर गेला होता. मी दुसरी हाक मारली आणि तिने "ओ" दिली.