लग्न ठरेपर्यंत गप्प

तीस वर्षं मी कोल्हापुरात ब्लाउज शिवते. अख्ख्या पेठेतल्या बायकांची मापं मला तोंडपाठ, आणि स्वतःच्या छातीतली गाठ मात्र कळली नाही. कळली तेव्हाही म्हटलं, असेल काहीतरी, आधी दिवाळीची शिलाई उरकू दे. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

ऑपरेशन झालं. मग डॉक्टरांनी मला एका मॅडमकडं पाठवलं. घराण्यातून उतरणाऱ्या कॅन्सरचं त्या बघायच्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या. म्हणाल्या, रक्त तपासूया, पण घरात कुणाला काय आजार झाला होता ते सगळं लिहून आणा. मी माहेरी कोडोलीला थोरल्या भावाला फोन केला. दादा म्हणाला, "आगं, वंशावळच हाय की! भावकीनं देवळाच्या बांधकामाला लिहून काढलेली."

त्या कागदाची झेरॉक्स घेऊन मी ऐटीत गेले. मॅडमनी कागद वरून खाली बघितला, परत खालून वर बघितला. "काकी, यात बायका कुठं आहेत?"

"बायका कशाला असतील? लग्न होऊन गेल्या त्या."

"बरं. मग तुम्ही तरी कुठं आहात?"

मी शोधलं. आजोबा, चुलते, वडील, दादा, झाडून सगळे चुलतभाऊ होते. मी नव्हतेच. आम्ही दोघी एवढ्या हसलो, की बाहेरची नर्स दार उघडून बघून गेली.

रक्ताच्या रिपोर्टात खरंच घराण्यातून उतरलेला बिघाड निघाला. मॅडमनी मला कळेल असं सांगितलं. आपल्या पेशींत काही जनुकं राखणीला असतात. पेशी वाटेल तशी वाढायला लागली की ती तिला आवरतात, आतली मोडतोड दुरुस्त करतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडची, एक बापाकडची. माझी एक जन्मापासूनच बिघडलेली. दुसरी इतकी वर्षं एकटी राबत होती. एका पेशीत तीही निकामी झाली आणि तिथं गाठ धरली. कळल्याचा फायदा असा, की अशा बिघाडावरच चालणाऱ्या गोळ्या मला मिळाल्या, आणि हा बिघाड अंडाशयातही कॅन्सर धरू शकतो म्हणून तीही काढून टाकायचं ठरलं.

"लेकीचं तपासून झालं, आता भावाला सांगा," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्यात असायची शक्यता निम्मी. त्यांच्यात निघालं, तर त्यांच्या मुलीत असायची निम्मी."

दादाची पोरगी पंचवीस वर्षांची. तिचं पहिलं झबलं मी शिवलेलं. माझ्या स्वतःच्या लेकीची तपासणी आधीच झाली होती आणि ती सुटली होती, पण या पोरीच्या काळजीनं माझा जीव थाऱ्यावर राहीना. दुसऱ्याच दिवशी मी कोडोली गाठली.

दादा धारा काढून आला. मी सगळं सांगितलं.

"बायकांचा आजार त्यो. मला कसा असंल?"

"बापाकडनं पण येतो, दादा. गड्याला काय होत न्हाय बऱ्याचदा, पण पोरीला देतो."

"आन् पंधरा दिवसांनी पावणं यायचं हाईत तिला बघायला. लगीन ठरंपर्यंत तोंड उघडायचं न्हाय कुणी."

मी भडकले. "पोरगी मोठी का सोयरीक मोठी तुला?" माझ्या आवाजानं गोठ्यातल्या म्हशींनीसुद्धा माना वळवल्या.

आई सोप्यात लसूण सोलत बसली होती. "भांडू नगा," ती म्हणाली. "तुमच्या बाच्या दोन भनी ह्याच दुखण्यानं गेल्या. एकीच्या छातीत, एकीच्या पोटात."

आम्हाला सांगितलं होतं, एक आत्ती बाळंतपणात गेली आणि दुसरी काविळीनं.

"मग आजवर बोलली का न्हाईस?"

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. "तुला बघायला पावणं याचं हुतं. तुझा बा म्हणाला, लगीन ठरंपर्यंत गप. मग लगीन झालं, पोरं झाली, तुझा बा बी गेला. बोलायचं ऱ्हाऊनच गेलं की गं. तुझ्या चांगल्यासाठीच गप बसलो बघ."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी तिच्याजवळ बसले आणि लसूण सोलायला घेतला. दादा बाहेर निघून गेला.

दोन दिवसांनी तो माझ्या दुकानात हजर. "चल, कुठं रगात द्याचं?" सुईला भिणारा माणूस! नर्सनं बाही वर केली, तेव्हा त्यानं माझा हात एवढा आवळला की माझ्या बांगड्या रुतल्या. पावण्यांना त्यानं महिनाभर थांबवलं. रिपोर्ट आला, त्याच्यातही तोच बिघाड.

पोरीनं स्वतः तपासायचं ठरवलं. तिच्यातही निघाला. मग तिला विचारूनच दादानं पावण्यांपुढं, चहा-पोहे झाल्यावर, त्याच्या नेहमीच्या चढ्या आवाजात सगळं सांगून टाकलं. पावणं "कळवतो" म्हणून गेलं आणि फिरकलं नाही. पोरगी म्हणाली, "बरं झालं, आत्ती. त्याच्या मिशा कुठं आवडल्या हुत्या मला!" मी तिला हसत रागावले आणि मागल्या खोलीत जाऊन रडून घेतलं.

आता तिची दरवर्षी तपासणी व्हायची. काही धरलंच तर बारीक असतानाच सापडावं म्हणून. पहिल्या खेपेला मी बरोबर गेले. ती मोठ्या मशीनच्या खोलीतून बाहेर आली. दोन दिवसांनी रिपोर्ट मिळाला, आणि मॅडम म्हणाल्या, "काही नाही. पुढच्या वर्षी या."

मी तिथंच तिला पोटाशी धरलं आणि कोडोलीला फोन लावला. दादानं ऐकलं. त्यानं फोन आईकडं दिला.

"वेळेत कळलं व्हय गं?" आईनं विचारलं.

"व्हय आई," मी म्हटलं. "हिला वेळेत कळलं."

तिकडं आई रडायला लागली. ती नातीसाठी रडत नव्हती, माझ्यासाठी रडत होती.