हवालदाराचा बंदोबस्त

त्याला सगळी गल्ली हवालदार म्हणायची, आणि तो जन्मात कधी हवालदार नव्हता. हवालदार सोडा, साधा पहारेकरीसुद्धा नव्हता. जिन्याखाली त्याचं कुलपं दुरुस्त करायचं एवढंसं दुकान होतं, आणि देवानं उंचीही त्याला त्या जिन्याच्या मापानंच दिली होती. लोक गंजकं कुलूप घेऊन यायचे, टाचा जुळवायचे आणि म्हणायचे, "हवालदार, हुकूम!" तोही मोठ्या मनाचा. हातातली कानस खाली ठेवून खरोखर सलाम ठोकायचा. थट्टा कळत नव्हती असं नाही हो. पण तेवढ्यापुरतं का होईना, कुणीतरी आपल्याकडे हुकूम मागतंय याचं त्याला बरं वाटायचं.

तीनदा तो भरतीला गेला आणि तीनदा परत आला. शहराचा नियमच तसा होता: तटावर उभं राहणाऱ्याचे खांदे कठड्याच्या वर दिसले पाहिजेत. कठड्याची उंची शिवणखान्याच्या दाराच्या चौकटीवर खाच पाडून दाखवलेली होती. पहारेकऱ्यांचे डगले तिथंच शिवले जात, म्हणून भरतीचं मापही तिथंच. चौकटीला पाठ लावून उभं राहायचं आणि शिवणखान्याची मुख्य बाई काय सांगते ते निमूट ऐकायचं. तिचा शब्द शेवटचा. ही मुख्य बाई म्हणजे हवालदाराची सख्खी थोरली बहीण. तिला सगळं शहर ताई म्हणायचं.

ताईनं तीनही वेळा जे होतं तेच सांगितलं. "चार बोटं कमी." आता चार बोटं म्हणजे काय कापड आहे, जोड देऊन वाढवायला? पहिल्यांदा तो रडला. दुसऱ्यांदा हसला. तिसऱ्यांदा घरी आल्यावर त्यानं फक्त विचारलं, "ताई, जेवायला काय आहे?" ताईला ते तिसरं सगळ्यात जास्त लागलं.

ताईचा नवरा लवकर गेला, हवालदाराचं लग्न काही जमलं नाही, आणि अशी ती दोघं भावंडं एकाच खोलीत म्हातारपणाला टेकली. संध्याकाळी जेवणं उरकली की हा खडू घेऊन फरशीवर शहराचा तट काढायचा, बुरुज काढायचा, दरवाजे काढायचा, आणि ताईच्या डब्यातली बटणं ओतून पहारा मांडत बसायचा. लाल बटणं तटावरची, राखाडी बटणं आतली.

"ताई, धान्याच्या कोठारावर इतकी माणसं कशाला? उंदीर पकडायला? आणि नदीच्या दरवाजावर बघ कोण आहे. दोन म्हातारे, त्यातला एक बहिरा. फौज म्हणजे नुसती डोकी नाहीत गं. कोण झोपतो, कोण पितो, कुणाची बायको बाळंत आहे, हे सगळं धरून माणूस मोजायचा असतो."

"तू आधी उठ. मला अंथरूण घालायचंय," ताई म्हणायची. पण ती ऐकायची. ऐकून ऐकून तिलाही शहराचा अर्धा बंदोबस्त पाठ झाला होता.

आणि बंदोबस्ताची गरज नव्हती असं कोण म्हणेल? दर वर्षी माळावरचं गवत वाळलं की डोंगरापलीकडून स्वार यायचे. घोड्यांवर नव्हे, बैलगाडीएवढ्या पक्ष्यांवर बसून. पक्षी झडप घालायचा ती खांद्यावर. माणूस उचलायचा, उंच न्यायचा आणि भर चौकात टाकून द्यायचा. तटावरचे पहारेकरी संपले की स्वार निवांतपणे घराघरांत उतरायचे. मागल्या साली बंदोबस्त कचेरीतल्या शहाण्यांनी फार डोकं लढवलं आणि तटावर गवताची माणसं उभी केली, लाल डगले घालून. पक्ष्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक पक्षी तर जाता जाता गवताच्या शिपायाच्या डोक्यावर बसून पिसं साफ करून गेला. शहर त्यावर खूप हसलं. हसणाऱ्यांच्या घरचीही माणसं त्या साली गेली होती, तरी हसलं.

यंदा गवत पिवळं पडायला लागलं तसे कचेरीचे मोठे साहेब स्वतः शिवणखान्यात आले. साठ लाल डगले हवेत म्हणाले, आणि लवकर. ताईनं कापडाचा हिशेब मनात केला आणि विचारलं, "कातडं कुठून आणायचं, साहेब? आपल्याकडं एवढं नाही."

"कातडं नको."

"म्हणजे?"

"लाल डगल्यांना अस्तरात कातडं घालायचं नाही. असेल तेवढं राखाडी डगल्यांना."

ताईला वाटलं साहेबांना शिवणकाम कळत नाही, समजावून सांगावं. "साहेब, झडप खांद्यावर पडते. दुहेरी कातडं असलं तर हाड मोडण्यावर भागतं. नुसत्या कापडातून नखं थेट छातीत उतरतील की."

साहेबांनी दार लोटून घेतलं. मग त्यांनी सांगितलं. लाल डगल्यातली जिवंत माणसं उत्तरेच्या तटावर उघड्यावर उभी करायची. पक्ष्यांना गवत कळतं, जिवंत माणूसही कळतो. ते त्यांच्यावर उतरणार. एवढं धूड खाली आलं की त्याला पुन्हा वर जायला वेळ लागतो. तेवढ्यात खालच्या कोनाड्यांतले राखाडी डगल्यातले तिरंदाज त्याला टिपणार. तिरंदाज तयार करायला वर्षं लागतात, म्हणून कातडं त्यांना.

"गळाला लावलेल्या गांडुळाला कुणी चिलखत घालतं का, ताई?" साहेब म्हणाले. असं बोलून त्यांनाच कसंतरी झालं असावं, कारण पुढचं ते खिडकीबाहेर बघत बोलले. "हे या खोलीबाहेर गेलं तर एकही माणूस उभा राहणार नाही. मग घराघरांतून प्रेतं काढायची तुम्ही आणि मी."

ताईनं मान हलवली. बाई कात्री धरायला शिकली तेव्हापासून कचेरीचं मीठ खात होती. नाही म्हणायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

घरी आली तर हवालदार दारातच उभा. चेहरा असा उजळलेला की ताईला क्षणभर वाटलं, याचं लग्न ठरलं की काय या वयात.

"ताई, घेतली! माझी आखणी घेतली कचेरीनं!"

"कसली आखणी?"

"उत्तरेच्या तटाची! अगं, आजवर दारातून हाकलायचे. या वेळी मोठ्या साहेबांनी बसवून घेतलं, पाणी विचारलं. गवताची माणसं नकोत म्हटलं, जिवंत हवीत. साठ. लाल डगले, आणि प्रत्येकाच्या खांद्याला दुहेरी कातडं. म्हणजे मोडेल थोडंफार, पण माणूस जगेल. आणि तटावर फळ्या ठोकायच्या, म्हणजे माझ्यासारखे बुटबैंगणही कठड्यावरून दिसतील. सगळं मान्य केलं! चौकटीवर नवी खाच पाडणार आहेत उद्या."

ताई आत गेली आणि त्याचं ताट वाढायला लागली.

"आणि मी पहिला उभा राहणार. तसं सांगूनच आलोय. ज्यानं आखलं त्यानं आधी उभं राहायचं, ताई. नाहीतर तो बंदोबस्त कसला, ती नुसती बडबड."

कातडं काढून टाकलंय, हे शब्द तिच्या अगदी जिभेवर आले होते. पण सांगितलं तर काय होईल हेही तिला दिसत होतं. हा तडक कचेरीवर जाऊन आरडाओरडा करणार, साहेब याला कोठडीत टाकणार, बातमी फुटणार, तट रिकामा राहणार. आणि नाही सांगितलं तर हा हसत हसत मरायला उभा राहणार. तिनं त्याच्या पुढ्यात ताट सरकवलं आणि म्हणाली, "आधी जेव."

दुसऱ्या दिवशी शिवणखान्यासमोर रांग लागली. कातड्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. लाल डगला मिळतोय एवढंच ठाऊक होतं. कुंभार आले, हमाल आले, एक मास्तर आला. ताई एकेकाला चौकटीशी उभं करत होती, खांद्यावर तळवा ठेवत होती आणि खणखणीत आवाजात सांगत होती, "बसतो." बाजूच्या खुर्चीत मोठे साहेब बसले होते.

हवालदार आला तो केसांना तेल लावून, पायताण पुसून. टाचा जुळवल्या, पाठ चौकटीला लावली, छाती पुढं काढली आणि समोर नजर लावली. ताईनं त्याच्या खांद्यावर तळवा ठेवला. खांदा खाचेच्या वर होता. चांगला बोटभर वर.

"दोन बोटं कमी," ताई म्हणाली.

साहेबांनी विचारलं, "नव्या खाचेलाही?"

"हो, साहेब."

त्या माणसानं मान वळवून एकदा, फक्त एकदा खाचेकडं बघायचं होतं! पण नाही बघितलं. याच दारात बहिणीनं तीनदा माप सांगितलं होतं आणि तीनदा ते खरं निघालं होतं. स्वतःच्या अंगापेक्षा त्याचा तिच्यावर जास्त विश्वास होता.

"साहेब," त्यानं समोर बघतच विचारलं, "फळ्या दोन बोटं वर नाही का घेता येणार?"

"रातोरात ठोकून झाल्या त्या."

"मग राहू द्या," हवालदार म्हणाला. साहेबांना सलाम करून तो बाहेर पडला, आणि रांगेतलं कुणीतरी खुसखुसलं.

साठाचा आकडा एकानं अडला. साहेबांनी खिडकीतून खाली पाहिलं तर शेजारच्या गल्लीतला भट्टीवाला तटाच्या डागडुजीच्या विटा उतरवत होता. ताडमाड माणूस. हाक मारली तसा हात झटकत वर आला आणि चौकटीशी उभा राहिला. त्याचा खांदा खाचेच्या कितीतरी वर.

"बसतो," ताई म्हणाली.

"ताई, आतून एक खिसा ठेवा बरं का," भट्टीवाला हसत म्हणाला. "बायकोपासून चार गोष्टी लपवायला जागा लागते माणसाला."

ताई सवयीनं हसली. खिसाही तिनं शिवला.

पक्षी आले त्या दिवशी बायकापोरं तळघरांत होती आणि हवालदार त्यांच्यात बसला होता, तोंड भिंतीकडं करून. वर काय चाललंय ते नुसतं ऐकू येत होतं, आणि ते ऐकू नये असंच होतं. मग ओरडा बदलला. लोक जिंकल्यासारखे ओरडायला लागले. खरंच जिंकले होते. निम्म्याहून जास्त पक्षी पडले होते, उरलेले स्वार पळाले होते, एकही जण घरात शिरला नव्हता. आखणी बिनचूक होती.

हवालदार धावत उत्तरेच्या तटावर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात लाल डगल्याचा फाटका खांदा होता. आयुष्यभर कुलपाच्या आतलं बोटांनी चाचपलेला माणूस तो. कापडाच्या दोन पदरांत काय आहे आणि काय नाही हे त्याला कळायला कितीसा वेळ लागणार?

"यात कातडं नाही, ताई."

"नव्हतंच."

"तुला माहीत होतं?"

तेव्हा तिनं सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले तेही, आणि त्याचं माप बोटभर वर होतं तेही. तिला वाटलं आता मारेल, निदान शिवी तरी देईल. "साठातले आठ जण जिवंत उतरले खाली," एवढंच तो म्हणाला, आणि मग बरेच दिवस तिच्याशी बोलला नाही.

आणि कचेरीचा कहर बघा. दवंडी पिटली की शहर वाचवणारी आखणी या कुलूपवाल्याची, आणि आजपासून तो हवालदार, खराखुरा, शिक्क्यानिशी! त्यानंतर गल्लीत कुणी टाचा जुळवून थट्टा केली नाही. तो दिसला की बोलणं थांबायचं. गेलेल्या बावन्न जणांची घरं त्या शहरात काही फार दूर दूर नव्हती. कुलपं गंजली तरी लोक दुसरीकडं नेऊ लागले.

एक दिवस भट्टीवाल्याची बायको जिना चढून वर आली. बस म्हटलं तर बसली नाही. ताई सुईत दोरा ओवत होती, हवालदार कोपऱ्यात होता.

"आखणी तुमची होती म्हणतात," ती त्याला म्हणाली.

"हो."

"मग त्या दिवशी तुम्ही कुठं उभे होतात?"

हवालदारानं तिच्याकडं बघितलं. कातडं साहेबांनी काढलं असं सांगता आलं असतं. बहिणीनं फसवलं असंही सांगता आलं असतं, आणि दोन्ही खरंच होतं. "तळघरात होतो," तो म्हणाला.

ताईला ते सोसवेना. हातातली सुई तशीच टाकून ती उठली. "बाई, त्याला बोलू नका. तो सगळ्यांच्या पुढं उभा राहणार होता. मीच खोटं माप सांगून त्याला परत पाठवलं. माझा एकुलता एक भाऊ आहे हो तो. त्याला मरायला कशी पाठवू मी?"

बाईनं आरडाओरडा केला नाही. तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "माझ्या नवऱ्याचं मापही तुम्हीच घेतलंत ना?"

"हो."

"ते मात्र खरं सांगितलंत," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.