थप्पी लावलेला झेंडू

"काकू, झेंडूतनं वाफ निघून राहिली," राजेश्वरी फोनवर म्हणाली. मी तेव्हा दुपारच्या जेवणासाठी दुकानाचं शटर ओढत होते.

"पोत्यात हात घालून बघ."

"घातला. चटका बसतोय."

मी शटर अर्ध्यावरच सोडलं.

माझं नांदेडला फुलांचं घाऊक दुकान आहे. जोडीला लग्नांच्या डेकोरेशनचं काम करते. राजेश्वरी जळकोटची. तिचे वडील बसलिंगआप्पा अडत व्यापारी, म्हणजे शेतकऱ्यांची तूर-सोयाबीन त्यांच्या दुकानात येते आणि तिथून पुढे विकली जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी राजेश्वरीचं लग्न होतं. मांडवातलं स्टेज ती बहिणी-मैत्रिणींना घेऊन स्वतः सजवणार होती. माझ्याकडून तिने फक्त फुलं घेतली होती आणि वरमाला तेवढ्या करून मागितल्या होत्या.

आधी ती एस्टिमेट घ्यायला आली होती. कागद वाचून तिने विचारलं, "काकू, यात फुलं किती आन तुमची मेहनत किती?"

हे सहसा कुणी विचारत नाही. मी म्हटलं, "फुलं निम्म्याहून कमी."

"मग फुलं तेवढी द्या. मेहनत आमची."

असे कस्टमर आता वाढलेत. मोबाइलवर व्हिडिओ बघतात आणि थेट घाऊक बाजार गाठतात. मला राग येत नाही, फुलं तर विकली जातातच. पण त्यांना दोन गोष्टी समजावून सांगाव्या लागतात. गुलाब, जरबेरा देठासकट बंचमध्ये येतात. देठ तिरका कापून ते बादलीत उभे करायचे, आणि गुलाब घेताना कळीच घ्यायची, उमललेला नाही. झेंडू, शेवंती ही लूज फुलं, बिनदेठाची, वजनावर मिळणारी. ती पाण्यात नाही, गार जागी पसरून ठेवायची. राजेश्वरीने प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली.

मी गमतीने म्हटलं, "परीक्षा आहे का?"

"परीक्षाच हाय," ती म्हणाली. नायगावच्या सासूबाईंना मोठा डेकोरेटर हवा होता. सुपारीच्या बैठकीत हिने सगळ्यांसमोर सांगितलं की फुलांवर असा पैसा घालायचा नाही, स्टेज मी करते. सासूबाई एवढंच बोलल्या, "बरं. बघू."

"हे फसलं तर काकू, त्या घरात माझं कुणी ऐकायचं न्हाई," ती हसत म्हणाली. मला मात्र हसू आलं नाही. मीही सून होते कधीतरी.

झालं होतं ते असं. माल फोनच्या आदल्या संध्याकाळी जळकोटला पोचला. गुलाबाच्या बादल्या राजेश्वरीने स्वतः भरल्या. झेंडूची पोती तिने आप्पांवर सोपवली आणि सांगितलं, गार जागी ठेवा. आप्पांचा जन्म धान्यात गेलेला. पोतं दिसलं की त्याची थप्पी लावायची, म्हणजे एकावर एक रचायची, हे हाताला बसलेलं. गोडाऊन गार होतंच. त्यांनी भिंतीला धरून सुरेख थप्पी लावली आणि धूळ बसू नये म्हणून वरून ताडपत्री टाकली.

फूल तोडलं तरी श्वास घेत असतं. कोंडलं की तापतं. वरच्या पोत्यांचा भार पडला की पाकळ्या चेंगरतात आणि आतला माल अक्षरशः शिजतो.

मी लगेच फोन लावायला घेतले. दाट तिथी होती, गल्लोगल्ली लग्नं. आमचा बाजार तर सकाळीच रिकामा झाला होता. लातूरचा व्यापारी म्हणाला, "काकू, आज देव्हाऱ्यापुरता झेंडू न्हाई माझ्याकडं." वरमाला द्यायला संध्याकाळी निघायचं होतं, ती मी दुपारीच टेम्पोत बसले. माझा माल कुणाच्या तरी मांडवात काळा पडणार, हे मला दुकानात बसून सोसलं नसतं.

आप्पा गोडाऊनच्या दारात उभे होते. "काकू, ह्या गोडाऊनमधी तूर वर्षभर ऱ्हाती ओ."

"आप्पा, तूर वाळलेली असते."

ते पोती ओढायला लागले.

सगळा झेंडू फरशीवर ओतला. मधला तपकिरी, बोट लावलं की लगदा. कडेचा तेवढा बरा. आम्ही निवडला, पंख्याखाली पसरला. स्टेजमागचा अख्खा पडदा झेंडूचा करायचा होता. उरलेल्यात त्याचा जेमतेम खालचा भाग झाला असता. राजेश्वरी हळदीच्या पिवळ्या हातांनी फुलं निवडत होती.

"माझ्याकडे प्लास्टिकच्या माळा आहेत," मी म्हटलं. "लांबून कळत नाही. उद्या सकाळी पोचवते."

"नको काकू. मग मोठा डेकोरेटर काय वाईट होता?"

तिची आई चहा घेऊन आली होती. कप हातात देता देता म्हणाली, "बांधाला करडई फुलली हाय की."

मी नको म्हणून मान हलवली. करडईचं फूल पिवळं-केशरी, दिसायला देखणं. पण बोंडाला असे काटे की जनावर शिरू नये म्हणून हरभऱ्याच्या कडेने करडईच्या ओळी लावतात. "लग्नाच्या मांडवात काटे? लोक आम्हाला नावं ठेवतील," मी म्हटलं.

"वर बांधू," राजेश्वरी म्हणाली. "हात पुरत न्हाई तिथं कुणाला टोचणार?"

हे मला सुचायला हवं होतं.

हळद लागलेल्या नवरीने गावाची शीव ओलांडायची नसते. त्यांचा मळा शिवेपल्याड, म्हणून विळे घेऊन आम्हीच गेलो. आप्पाही आले. हाताला गोणपाट गुंडाळून ते बांधाबांधाने करडई कापत सुटले. मध्येच थांबून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "ह्याची थप्पी लावायची न्हाई ना?"

"पसरायची, आप्पा."

घरी राजेश्वरी देठांची पानं ओरबाडून जुड्या बांधत होती. करडईचं बरं असतं, सुकली तरी रंग धरून राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी वर करडई, खाली झेंडूच्या माळा आणि मधोमध गुलाब, असा पडदा उभा राहिला. डावी बाजू जरा दाट झाली होती. माझ्या कारागिरांनी ती तशी सोडली नसती. पण मला तो पडदा आवडला, आणि मी तसं तिला सांगितलं.

वऱ्हाड आलं. सासूबाई खुर्चीवर न टेकता थेट स्टेजपाशी आल्या. वर बघून म्हणाल्या, "करडई हाय का ही?"

"हाव, आत्या. आमच्या बांधावरची."

"झेंडू करणार होतीस न्हवं?"

मी काहीतरी सावरून घ्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात राजेश्वरी म्हणाली, "केला होता. आमीच पोत्यात कोंडला, नासला. उरला तो खाली लावलाय."

मागे उभे असलेले आप्पा फेटा नीट करायला लागले. सासूबाईंनी तिचा हात धरून उलटा केला. मेंदीवर लाल ओरखडे होते.

"हातमोजे घालायचे की गं."

"घातले होते. गाठी बसंनात."

"बसत न्हाईत," सासूबाई म्हणाल्या. "मी बी लई कापलीय करडई." मग जावेकडे वळल्या. "पिशवीत खोबऱ्याचं तेल हाय बघ. पोरीच्या हाताला लाव."

तेव्हापासून कुणी घाऊक फुलं घ्यायला आलं की मी आधी विचारते, धंदा काय? धान्याचा म्हणाले तर झेंडू क्रेटमध्ये देते, पोत्यात नाही. घरी सजावट करून पैसे वाचतात, हे खरं आहे. पण फुलं कोण उतरवून घेणार, हे आधी ठरवावं.

लग्नानंतर नायगावला घरची पूजा होती. तिथलं डेकोरेशन सासूबाईंनी माझ्याकडेच बुक केलेलं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला.

"काकू, पूजेला फुलं तेवढी पाठवा. माणसं नकोत. सूनबाई नको म्हणती."

डेकोरेशनची ऑर्डर हातची गेली. त्या घरात तिचं ऐकायला सुरुवात झाली होती, आणि ती माझ्याच बिलापासून.