पडेगावच्या नाक्यावर

माझं माहेर वेरूळचं आणि सासर शहरात, कापडाच्या पेठेत. पोलीस ॲक्शननंतर सासऱ्यांनी तिथं दुकान काढलं होतं. लग्न लागून आम्ही निघालो तेव्हा जीपमधला माझा बाक मला फारच उंच लागला. वर गोधडी अंथरलेली. दौलताबादचा घाट उतरताना नणंद कानाशी हसली, "वैनी, जास्त हलू नका. मालेगावची लुगडी हायेत खाली. दुकानच तुमच्याखाली हाय म्हना की."

पडेगावच्या नाक्यावर आडवा बांबू होता. शहरात येणाऱ्या मालावर नगरपालिका तिथं जकात घ्यायची. पिकल्या दाढीचा कारकून जीपजवळ आला.

"क्या माल है?"

सासऱ्यांनी हात जोडले. "माल कसला साहेब, घरची लक्ष्मी आणतोय. बघा की."

कारकून आत वाकला. माझ्या हातातला हिरवा चुडा बघून मागं सरला. "नई दुल्हन को कायकू उतारना? जाव. खुश रहो बेटी."

बांबू वर गेला. जरा पुढं गेल्यावर जीपमध्ये हशा पिकला. माझी मान खाली होती. सगळ्यांना वाटलं, नवी नवरी लाजली.

त्याच उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या गादीवाल्याच्या दुकानाला आग लागली. कापूस तो, बघता बघता भडकला. नगरपालिकेचा बंब खड्ड्यांतून आदळत आला. बंबवाल्यांनी दोन दुकानांमधल्या भिंतीवर पाणी मारत ठेवलं, म्हणून आमचं दुकान वाचलं. त्यातल्या एकाचा हात कोपरापर्यंत भाजला.

आग विझल्यावर सासरे जमलेल्या लोकांना सांगत होते, "बंब येईस्तोवर सगळी पेठ जळाली असती. हा काय रस्ता हाय? नुसते खड्डे. नगरपालिका पैसा घालती कुठं?"

"व्हय, व्हय," लोक म्हणाले.

मी चहा घेऊन बाहेर आले होते. भाजलेला माणूस आमच्याच पायरीवर बसला होता. डाव्या हातानं कप घेत तो म्हणाला, "ताई, बंबाचे टायर पार गुळगुळीत झालेत. नवे मागितले तर पैसा नाय म्हणतात." मला वर बघवेना. कप परत घ्यायलाही मी थांबले नाही.

दिवाळीला माहेरी गेले. आणायला सासरे स्वतः आले, जीप घेऊन. बाक तसाच उंच, वर तीच गोधडी.

"मामंजी, मी नाय बसणार ह्याच्यावर."

सासरे काही बोलायच्या आधी माझे वडीलच ओरडले, "सासऱ्याला उलटून बोलतीस?" अख्खी आळी दारात आली. मी मुकाट्यानं बसले.

पण नाक्यावर जीप थांबली तशी मी कुणी सांगायच्या आत उतरले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. कारकून तोच होता. त्यानं रिकाम्या बाकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. गोधडी उचलली. सासऱ्यांवर तो ओरडला नाही. हळूच विचारलं, "शादी के दिन भी?"

त्या दिवशी सासरे गाडीवानांच्या मागं रांगेत उभे राहिले, टोपी हातात घेऊन. पेठेतले दोन व्यापारी तिथंच होते, ते एकमेकांना कोपर मारून हसत होते. खरं वागल्यावर मन हलकं होतं म्हणतात. मला तर रांगेतल्या म्हाताऱ्या सासऱ्यांची पाठ बघून रडू यायला लागलं. आधी कारकुनासमोर शरम वाटली होती, आता सासऱ्यांसमोर वाटत होती.

जकात आणि दंड भरून ते पुढच्या सीटवर बसले. छावणी मागं पडल्यावर मागं न बघता म्हणाले, "घरी बोलली असतीस तर मी ऐकलं असतं, पोरी."

त्यानंतर दुकानाचा माल जकात भरूनच यायला लागला. मला आणायला मात्र ते पुन्हा कधी आले नाहीत, दिराला पाठवायचे. घरी बोलले असते तर त्यांनी खरंच ऐकलं असतं का, कोण जाणे. मी बोलून बघितलं नव्हतं, एवढं खरं.