माझा थेंब बुडाला नाही

रक्तदान शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या बोटातला रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडला आणि आम्ही दोघंही वाकून बघत राहिलो. थेंब बुडाला तर रक्त चांगलं, असा तो साधा प्रकार. माझा थेंब थोडा आत गेला, घुटमळला आणि वर आला. त्यांनी दुसऱ्या बोटाला सुई टोचली. तोही वर आला.

“काका, आज नको,” त्या म्हणाल्या. “हिमोग्लोबिन कमी दिसतंय. आधी तपासून घ्या.”

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला लोह असलेला घटक. तो शरीरभर प्राणवायू पोचवतो, आणि रक्तदानासाठी तो किमान साडेबारा लागतो. माझ्या फॉर्मवर शेरा पडला, ‘टेम्पररी डिफरल’. म्हणजे रक्तदान तात्पुरतं पुढे ढकललं आहे. मी शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केली. ‘तात्पुरतं’ म्हणजे काय ते मला विचारा. आमच्या शाळेतली तात्पुरती पत्र्याची शेड मी निवृत्त झालो तेव्हाही उभी होती.

शिवाय मला घाई होती. रक्त पासष्टीपर्यंतच देता येतं, आणि मला पासष्ट पूर्ण व्हायला चार महिने उरले होते. त्याआधी शेवटचं एकदा द्यायचं, असं मी ठरवलं होतं.

माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, ऑपरेशनला अनोळखी माणसांचं रक्त लागलं होतं. त्यावर ती आणखी तीन वर्षं जगली. ती गेल्यावर मी दर चार महिन्यांनी रक्त द्यायला लागलो. लोक कौतुक करायचे, मीही करून घ्यायचो. पण खरं सांगायचं तर आम्हाला मूलबाळ नाही, आणि ती गेल्यानंतर माझा हात कुणी हातात घेतला असेल तर तो त्या शिबिरांतल्या नर्सनीच. शीर शोधायला का होईना. मला ते हवं असायचं.

रक्त दिलेल्यांना कॉफी, बिस्किटं, प्रमाणपत्र आणि फोटो. परत पाठवलेल्याला काही नाही. शिबिर भरलं होतं त्या मंडळाच्या हॉलबाहेर चपला शोधल्या आणि कसब्यातल्या गर्दीतून घरी आलो. पंखा लावून बसलो. सांगायचं कुणाला, तेच कळेना.

थकवा होताच. तिसऱ्या मजल्यावर चढताना दुसऱ्यावर दम लागायचा. मग मी तिथे लावलेल्या सोसायटीच्या नोटिसा वाचत उभा राहायचो, म्हणजे कुणाला शंका नको. त्यातल्या दोन मला पाठ झाल्या होत्या. वय झालं, असं म्हणून मी विषय मिटवला होता.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन दहा पॉइंट सहा. फेरिटिन, म्हणजे शरीरानं साठवून ठेवलेलं लोह, जवळपास संपलेलं. “हा ॲनिमिया आहे,” ते म्हणाले. “या वयात पुरुषाचं लोह उगाच कमी होत नाही. आतून कुठे रक्त जातंय का ते बघायला हवं. एन्डोस्कोपी करू.”

एन्डोस्कोपी म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी घालून पोट आतून बघणं. मी घाबरलो. सुनंदाचं दुखणंही थकव्यापासूनच सुरू झालं होतं.

तारीख घ्यायला गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, “पेशंटबरोबर कोण?”

“मीच पेशंट.”

“ते कळलं. बरोबर कोण? गुंगीचं औषध देतात. एकट्याला सोडत नाही आम्ही.”

माझी ताई साताऱ्याला, तिचेच गुडघे गेलेले. मी फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. कुणीच सापडेना. त्या दिवशी तारीख न घेताच परत आलो. आजारापेक्षा ते जास्त लागलं.

शेवटी समोरच्या साठ्यांची बेल वाजवली. पॅसेजमध्ये ठेवलेल्या माझ्या चपलांच्या रॅकवरून आमचा दोन वर्षं अबोला होता. मी दारातच उभ्या उभ्या सांगितलं. साठ्यांनी ऐकून घेतलं.

“येतो,” ते म्हणाले. “पण बोलायलाच पाहिजे असं नाही ना?”

हॉस्पिटलच्या बाकांवर ते माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसले आणि पेपर उघडला. माझं नाव पुकारल्यावर मान वर केली, एवढंच.

गुंगी उतरल्यावर डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. पोट स्वच्छ होतं. जखम नाही, गाठ नाही. “मग लोह गेलं कुठे?” त्यांनी विचारलं. “रक्त देता त्यात थोडं जातं, पण ते जेवणातून भरून यायला हवं. जेवण कसं आहे?”

“व्यवस्थित.”

“काल रात्री काय जेवलात?”

मला आठवेना. तेव्हा साठे पहिल्यांदा बोलले. “डॉक्टर, यांच्या घरातून दीड वर्षात फोडणीचा वास आलेला नाही.”

आपल्याकडे ‘जेवलात का?’ याला ‘झालं’ एवढंच उत्तर असतं. उगाच समोरच्याला घोर नको. ताईला फोनवर मी रोज ‘झालं’ सांगायचो. शिबिराच्या फॉर्मवर ‘जेवून आलात का?’ विचारलं होतं, तिथेही ‘हो’. आणि जेवण म्हणजे चहा-खारी, फार तर दूध-पोहे. एकट्यासाठी कुकर कुणी लावायचा? डॉक्टरांपुढे मला रडू आलं, आणि साठ्यांसमोर आलं म्हणून आणखी लाज वाटली. साठे भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या. शौचाला काळं होतं, घाबरू नये. साठेवहिनींनी आठवडाभर डबा दिला. आठव्या दिवशी साठे म्हणाले, “आता स्वतः करा.” मग मी मुगाची उसळ शिकलो. पहिली करपली.

तुम्हालाही कधी असं परत पाठवतील. ताप असेल, नुकताच दात काढला असेल, अँटिबायोटिक चालू असेल, तर काही दिवस थांबायचं आणि पुन्हा जायचं. पण हिमोग्लोबिन कमी म्हणाले तर नुसतं थांबू नका, कारण शोधा. आणि डॉक्टरांनी जेवणाचं विचारलं की खरं सांगा, तो शिष्टाचाराचा प्रश्न नसतो. त्या डॉक्टरीणबाईंनी मला परत पाठवलं नसतं तर मी अजूनही नोटिसा वाचत जिना चढत असतो. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

दीड महिन्यानं अकरा पॉइंट चार झालं. तीन महिन्यांनी बारा पॉइंट दोन. मी दिवस मोजत होतो. पुढचा रिपोर्ट आला, बारा पॉइंट नऊ. पण पासष्ट पूर्ण होऊन चार दिवस झाले होते.

तरी मी रक्तपेढीत फोन केला. “काका, नियम आहे. आम्हाला नाही घेता येणार,” पलीकडची बाई फार मायेनं म्हणाली. मला मनापासून वाईट वाटलं. सुनंदाचं काहीतरी करायचं राहून गेलं असं वाटत राहिलं.

रिपोर्ट हातात घेऊन दारात उभा होतो. साठे दुधाची पिशवी घेऊन वर आले.

“किती?”

“बारा पॉइंट नऊ.”

“मग तोंड का पाडलंय?”

“आता घेत नाहीत. वय झालं.”

साठ्यांनी कुलपात किल्ली फिरवली. दार उघडून आत जाता जाता म्हणाले, “मग आता तुम्हीच वापरा की ते.”